सतरंजीखालची फरशी

फरशी पुसताना ओल्या दगडाचा वास आला, की मी कळंब्याच्या माहेरी पोचते. नव्वदच्या दशकात तिथं मला बघायला पाहुणे आले होते.

आबा ट्रकनं गूळ राजस्थानला न्यायचे आणि येताना दर खेपेला चार फरश्या आणायचे. त्यामुळं एकीचा रंग दुसरीला जुळत नव्हता. मी लाजून वर सतरंजी अंथरली होती.

"ड्रायव्हरकीत भागतं का, पावणं?" मुलाच्या वडलांनी विचारलं.

आबांनी सगळ्यांना उठवलं आणि सतरंजी गुंडाळली. "बघा की! चार फरश्यांमागं एक खेप हाय. स्टेअरिंगवरच घर बांधलं, पोरगी बीएस्सी केली."

माझ्या फ्लॅटमधली फरशी एकसारखी आहे. फक्त उंबऱ्याजवळची एक जुळत नाही. ती मी आबांकडून मागून आणली.