सुदर्शनचे बावीस मार्क

दौलताबादच्या तबस्सुम मॅडम शहराबाहेरच्या एका खासगी पॉलिटेक्निकमध्ये एकोणीस वर्षं मेकॅनिक्स शिकवत होत्या. पोरं न्यूटनचे नियम घडाघडा म्हणत, गणितंही सोडवत. पण त्यांना कळतं किती, ही शंका मॅडमना सोडत नसे. म्हणून एका वर्षी त्यांनी आकडेमोड नसलेले वीस प्रश्न काढले. त्यातला एक असा: दोन दोरांना मिळून एक वजन टांगलंय. दोर फाकवून आडवे केले, तर त्यांच्यावरचा ताण वाढेल की तेवढाच राहील?

चौसष्टपैकी एकसष्ट जणांनी लिहिलं, तेवढाच. खरं तर तो कितीतरी वाढतो.

त्यांतला सोयगावचा सुदर्शन तास सुटल्यावर थांबला. "मॅडम, वजन तर तेवढंच हाय. मग ताण कसा काय वाढंल?"

"सोमवारी लॅबमध्ये ये. स्प्रिंगचे काटे लावून दाखवते."

सोमवारी विभागप्रमुखांनी त्यांना अंतर्गत गुणांच्या याद्या करायला बसवलं. चाचणीचे पेपर चाळून ते म्हणाले, "हे कपाटात ठेवा, मॅडम. निकाल खाली आला तर पुढच्या वर्षी प्रवेश कोण घेईल?" मॅडमनी ते सांगतील तसे मार्क याद्यांत भरले. सुदर्शनला पंचवीसपैकी बावीस. प्रयोग राहूनच गेला. त्यानंही परत विचारलं नाही.

डिप्लोमा झाल्यावर तो वाळूजच्या एका शेडमध्ये लागला. एका दुपारी क्रेननं जड साचा उचलायचा होता. लांब दोर सापडेना, तेव्हा त्यानं आखूडच ताणून अडकवले. साचा हातभर वर गेला आणि एक दोर तुटून तो त्याच्या अंगावर आला. दवाखान्यात नेईस्तोवर सुदर्शन गेला होता.

"दोर पार आडवे झाले होते, मॅडम," सोबत काम करणाऱ्या ऋतुराजनं फोनवर सांगितलं. तोही त्यांचाच विद्यार्थी.

मॅडम सोयगावला गेल्या. सुदर्शनच्या आईनं, मनकर्णाबाईनं, पत्र्याच्या पेटीतून गुणपत्रिका काढून त्यांच्या हातात दिली. "तुमच्या विषयात त्याला लई मार्क व्हते. सगळ्यांना दाखवायचा."

"मावशी, ते मार्क खरे नव्हते," मॅडम म्हणाल्या. "ज्यानं त्याचा जीव गेला, तेच त्याला कळलं नव्हतं. दाखवते म्हणाले आणि दाखवलं नाही."

मनकर्णाबाईनं पेटीचं झाकण लावलं.

"मंग आता कशाला सांगता?"

बाईनं कागद त्यांच्या हातातून काढून घेतला, घडी घातली आणि आत गेली. ती पुन्हा बाहेर आली नाही. मॅडम थोडा वेळ ओट्यावर बसल्या, मग उठून एसटी स्टँडकडं चालू लागल्या.

पुढच्या सत्रात त्यांनी मार्क जसेच्या तसे भरले. अडतीस पोरं नापास झाली. पालक आले, संस्थाचालक आले. आठवड्याभरात मॅडमना ग्रंथालयात बसवलं आणि मेकॅनिक्स एका नव्या सरांकडं दिलं. नव्या सरांनी याद्या पुन्हा केल्या. त्या वर्षी विषयाचा निकाल शहाण्णव टक्के लागला.