गेमच तर हाय

हे मी आमच्या ह्यांना सांगितलेलं नाही. आईला नाही, बहिणीला नाही. देवापुढं हात जोडले तरी या गोष्टीपाशी आले की मी घाईघाईनं दुसरंच काही मागायला लागते. तुम्ही मला ओळखत नाही — कदाचित म्हणूनच जमेल.

सुरुवात कुठून करू? गेमपासूनच करते.

तुमच्याही घरात कोणीतरी तो खेळत असेल. विमानातून उडी मारायची, खाली उतरून बंदूक शोधायची, चौघांची टीम, आणि शेवटी उरेल तो जिंकला. त्याला इंग्रजी नाव आहे, पण आमच्या गावात ते आता कोणी घेत नाही. नुसतं ‘गेम’ म्हणतात. महागावच्या बाजारात सोयाबीनची गाडी खाली व्हायची वाट पाहत बसलेली माणसं खेळतात. कानात वायर घालून मोठमोठ्यानं बोलतात — “मागं पाय, मागं”, “अबे, उठव मले” — आणि शेजारून जाणारं कोणी वळूनसुद्धा पाहत नाही. ‘उठव’ म्हणजे काय, हे माझ्या सासूबाईंनाही ठाऊक झालंय. गोळी लागून पडलेल्याला टीममधल्या कोणीतरी जाऊन उठवायचं असतं. वेळेत गेलं नाही तर तो मरतो.

पण हे सगळ्यांना ठाऊक असणं — ते काही वर्षांपूर्वी नव्हतं. आणि माझी सगळी गोष्ट त्या ‘नव्हतं’वर उभी आहे.

वैशाली माझी धाकटी जाऊ. प्रवीण भाऊजींची बायको. मुकुटबनची — आमच्यापासून जिल्ह्याच्या पार दुसऱ्या टोकाची. तिकडं तेलंगण जवळ, त्यामुळं तिच्या बोलण्यात मधूनच एखादा तेलुगू शब्द यायचा आणि माझी श्रावणी, तेव्हा अगदी लहान होती, तो पकडून दिवसभर घोकायची. घरात मोठा फोन वैशालीचाच होता, तिच्या भावानं लग्नात दिलेला. माझ्याकडं बटनांचा.

दुपारी घर रिकामं व्हायचं. पुरुष वावरात, सासूबाई कापूस वेचणाऱ्या बायांसोबत. मग आम्ही दोघी आतल्या खोलीत, श्रावणीला मधे झोपवून. वैशालीनं मला गेम शिकवला. पहिल्यांदा तर मला पळता येईना, भिंतीला डोकं लावून उभी राहायचे आणि ती तोंडावर पदर धरून हसायची. पुढं मी शिकले. खरं सांगू? तिच्यापेक्षा चांगली शिकले. तिचा तेवढा जीव नव्हता त्यात. माझा होता. लग्नानंतर मला कोणी ‘शाब्बास’ म्हटलेलं आठवत नव्हतं, आणि इथं कुठली कुठली माणसं म्हणायची.

त्यांच्यात एक पोरगा होता. कॉलेजातला असावा. आमच्यासोबत नेहमी यायचा, हिंदीत बोलायचा, वाक्यागणिक मला दीदी म्हणायचा. गाव माहीत नाही, नाव माहीत नाही. आयडी वैशालीच्या नावानं होता, ‘वैशू’, म्हणून तो मला वैशू दीदी म्हणायचा. मीही कधी सांगितलं नाही की मी वैशू नाही. त्यात काय वाईट होतं? काहीच नव्हतं. आज आमच्या गल्लीतल्या पोरी असंच खेळतात.

त्या दुपारी वैशाली दळण आणायला चक्कीवर गेली होती. मी खेळत होते. तो पोरगा गोळी लागून पडला होता, मी त्याला उठवायला निघाले होते, आणि अंगणात मोटरसायकल थांबली. भाऊजी अवेळी घरी आले होते.

मी फोन वैशालीच्या गादीवर टाकला. टाकताना कानातल्या वायरला हिसका बसला आणि ती फोनमधून निघून आली. मी दोन पावलांत स्वयंपाकघराच्या दारात. भाऊजी खोलीत शिरले आणि फोन मोठ्यानं बोलायला लागला.

“कहाँ चली गई? जल्दी आओ ना... अकेला पड़ा हूँ यहाँ. जान जा रही है मेरी.”

एरवी वाक्यागणिक दीदी म्हणायचा. त्या दिवशी म्हणाला नाही.

भाऊजींनी फोन उचलला. माझ्याकडं पाहिलं. “वैनी, कोन हाय हा?”

एका वाक्यानं भागलं असतं. भाऊजी, गेम आहे तो, मी खेळत होते. एवढंच. मी म्हणाले,

“मले काय मालूम? तिचा फोन हाय.”

फोन तिचाच होता. शब्दाला शब्द खरा. असं खरं बोलून खोटं बोलता येतं, हे मला त्याआधी माहीत नव्हतं, पण गरज पडली तेव्हा ते किती चटकन जमलं. त्यांनी पुढं विचारलं, “रोज बोलते का ती त्याच्याशी?” मी मान खाली घातली. तुम्ही बाई असाल तर तुम्हाला कळेल, पुरुषानं असं विचारल्यावर दुसऱ्या बाईनं मान खाली घातली म्हणजे काय उत्तर होतं.

वैशाली दळणाचा डबा कमरेवर घेऊन आली. केसांवर पीठ, भुवयांवर पीठ. तोपर्यंत मामाजी, म्हणजे माझे सासरे, वावरातून आले होते, सासूबाईही मागोमाग.

ती आधी गोंधळली. मग म्हणाली, “गेम हाय तो. सोबत खेळतेत लोकं. कोनी बी राह्यते.”

सासूबाई म्हणाल्या, “गेममंदी मानूस कसा बोलन वं?”

आता हे ऐकून हसू येईल कोणालाही. तेव्हा कोणी हसलं नाही. आमच्या घरात खेळ म्हणजे पोरांचं क्रिकेट, नाहीतर पत्ते. फोनातल्या खेळात परका पुरुष बायकोशी बोलतो आणि त्यात काही नसतं, हे मानायला त्यांच्याकडं जागाच नव्हती. तिनं गेम उघडून दाखवला. पडद्यावर आमची गेममधली मुलगी आली — हातात बंदूक, आखूड कपडे. मामाजींनी तोंड फिरवलं. ते कपडे मी निवडलेले होते.

तेव्हा वैशालीनं माझ्याकडं पाहिलं. तिला कळलं होतं. का नाही कळणार? ती चक्कीवर होती आणि फोन माझ्याजवळ होता. मी श्रावणीला उचललं. पोर झोपेतून उठली नव्हती, तरी उचललं, आणि थोपटत परसात निघून गेले.

तिनं माझं नाव घेतलं नाही. त्या दिवशी नाही, निवाड्याला चार लोक बसले त्या दिवशी नाही, भाऊ न्यायला आला तेव्हाही नाही. मी वाट पाहत होते. रोज सकाळी उठल्यावर वाटायचं, आज सांगेल. तिनं सांगितलं असतं तर मी नाकारलं असतं का? हो. नाकारलं असतं. तेही तिला कळलं असेल.

जाताना स्वयंपाकघरात आली. म्हणाली, “ताई, श्रावणीच्या दुधात साखर कमी घालत जा. दात किडून राह्यले तिचे.” आणि गेली. पुढं फारकत झाली.

भाऊजींनी फोन आपटला होता, त्याचा कोपरा फुटला होता. तिच्या भावानं तो नेला नाही. कपाटात पडून राहिला. मग लॉकडाउन आला, श्रावणीची शाळा फोनवर सुरू झाली, आणि आमचे हेच म्हणाले, “तो पडला हाय ना कपाटात, तो काढ.” मी काढला. शाळेचा तास संपल्यावर पोरगी अंगणात पळायची आणि फोन माझ्या हातात राहायचा.

मी गेम उघडला.

हे सांगायला मला सगळ्यात जड जातंय. ते खोटं एका क्षणात झालं. हे मी विचार करून केलं. आयडी तोच होता, ‘वैशू’. काही दिवसांनी तो पोरगा दिसला. आवाज थोडा घोगरा झाला होता. म्हणाला, “दीदी? उस दिन कहाँ चली गई थी आप?”

मी म्हणाले, “लाइट गई थी.”

घर सोडून गेलेल्या बाईच्या नावानं मी बोलत होते, तिच्या फोनमधून, ती झोपायची त्या खोलीत बसून. कधी कधी खेळता खेळता मागं कोणी उभं आहे असं वाटायचं, पीठ झटकत. मागं पाहायचे नाही. खेळत राहायचे.

तोवर सगळं गाव खेळायला लागलं होतं. पोरांना शाळेसाठी फोन मिळाले, आणि पोरांकडून बापांनी घेतले. कधी झालं, कसं झालं, कोणी सांगू शकणार नाही. आधी पोरं लपून खेळायची, मग अंगणात, मग पारावर. एक दिवस पाहिलं तर प्रवीण भाऊजी ओसरीवर बसून खेळतायत. त्यांचं दुसरं लग्न झालं होतं, मांडीवर मुलगा होता. फोनमधून कोणी पोरगी ओरडली, “अरे बचाओ ना मुझे.” त्यांची बायको आतून म्हणाली, “वाचवा तिले लवकर, मंग जेवाले या.” सगळे हसले. मामाजीही हसले. “गेमच तर हाय,” म्हणाले.

मी पोळी लाटत होते. माझे हात थांबले, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

मागच्या गणपतीत मंडळानं गेमची स्पर्धा ठेवली. पांढरा पडदा, स्पीकर, वऱ्हाडीत कॉमेंट्री करणारा पोरगा. बायकांसाठी वेगळा डाव. श्रावणीनं माझं नाव दिलं; पोरीला एव्हाना माहीत होतं की आई खेळते, आणि तिला त्याचा अभिमान होता. मामाजी पहिल्या रांगेत खुर्ची टाकून बसले. “आपली कोंती?” विचारत होते.

माझ्या लक्षात आलं नाही. खरंच आलं नाही. पडद्यावर खेळणाऱ्याच्या डोक्यावर आयडी दिसतो. डाव सुरू झाला आणि कॉमेंट्रीवाला ओरडायला लागला, “वैशूनं घेतली बंदूक! वैशू घरात घुसली! वैशूच्या मागं कोनी हाय!” गावभर ते नाव. लोक टाळ्या वाजवत होते. मी जिंकले. ढाल घेताना भाऊजींना शोधलं. ते मांडवाच्या खांबाला टेकून उभे होते, आणि टाळी वाजवत नव्हते.

सकाळी ते स्वयंपाकघराच्या दारात आले. “वैनी, तो आयडी...”

“जुना फोन हाय ना. त्यातच होता,” मी म्हणाले. पुन्हा शब्दाला शब्द खरं.

ते उभेच राहिले. मग म्हणाले, “त्या दिवशी बी—”

आता भीती कशाची होती? गेम खेळते म्हणून ढाल मिळालेली बाई मी. खरं बोलले असते तर कोणी मला घराबाहेर काढणार नव्हतं. पहिल्या वेळी घाबरले होते असं म्हणता येईल. या वेळी ते म्हणायला जागा नाही.

मी म्हणाले, “चाय ठेवू का, भाऊजी?”

ते म्हणाले, “ठेवा.” बसले, चहा प्यायले, मुलाला बशीतून पाजला. त्यांनाही ते ऐकायचं नव्हतं, असं मला वाटतं. पण माझं मी सांगतेय, त्यांचं नाही.

आणि मग वैशाली भेटली. यवतमाळच्या बसस्टँडवर, या उन्हाळ्यात. मी श्रावणीचे दात दाखवायला गेले होते. तिनंच हाक मारली, “ताई.” बारीक झाली होती, पण चेहरा तोच. मुकुटबनला ब्लाउज शिवते, शिवण शिकवते. पुन्हा लग्न केलं नाही. श्रावणीच्या गालाला हात लावला. श्रावणीनं तिला ओळखलं नाही. बाकावर बसली आणि फोन काढून खेळायला लागली.

वैशाली थोडा वेळ तिच्या खांद्यावरून पाहत होती. “आता तिकडं बी सगळेच खेळतेत,” म्हणाली. “माझ्या शिकवणीतल्या पोरी बी. कोनी इचारते मले, नवऱ्यानं काहून सोडलं? मी सांगते, गेमपायी सोडलं. तेव्हा कोनाले खरं वाटलं नाही का गेम हाय. आता कोनाले खरं वाटत नाही का गेमपायी कोनी बायको सोडन. लोकं हासतेत, ताई.”

एवढं बोलून ती थांबली. आवाजात राग नव्हता. ती माझ्याकडं नुसती पाहत होती, आणि स्टँडच्या त्या गोंगाटात तिनं मला खरं बोलायला जागा करून दिली होती, हे मला तेव्हाच कळलं. मागून कळलं असं मी म्हणणार नाही.

आणि मी — मी हसले.

तोंडातून बाहेर पडलं. लोक हसतात तसंच. तिनं मान हलवली, जणू बरोबर आहे. मग तिच्या वाटेची वणीची गाडी लागली, तिनं पिशवी उचलली, श्रावणीच्या केसांवरून हात फिरवला आणि गर्दीत चढली.