भोसरीची भावकी आणि जर्मनीतलं प्रकाशन

आमच्या वर्कशॉपमध्ये चहाची वेळ झाली की कुणीतरी म्हणतंच, "शेठ, ते जर्मनीचं सांगा की!" घराण्याचा इतिहास लिहायला मला चार वर्षं लागली. त्या चार वर्षांबद्दल आजवर एकानंही विचारलेलं नाही. प्रकाशनाला लागला एक दिवस, आणि त्या दिवसाचे किस्से एवढे साठलेत की सांगता सांगता चहा गार होतो. मग आमची सुनंदा वरच्या ऑफिसातून ओरडते, "पुरे झालं, पार्टी ताटकळलीय!" नवरा लेखक झाल्याचं तिला अजून पटलेलं नाही.

*

सगळ्यांचा पहिला प्रश्न एकच. इतिहास भोसरीचा, मग प्रकाशन जर्मनीत कशाला?

ऐका. आमच्या भावकीत दोन पात्या, म्हणजे शाखा. थोरली पाती तात्यांची, म्हणजे माझ्या चुलत्यांची. धाकटी आमच्या अण्णांची, म्हणजे माझ्या वडिलांची. शेतं एमआयडीसीत गेली, आणि उरलेल्या जागेवर दोघा भावांनी एकेक मंगल कार्यालय बांधलं. समोरासमोर! आता प्रकाशन ह्याच्याकडे ठेवलं की तो येणार नाही, त्याच्याकडे ठेवलं की हा. दिघीतला एक हॉल बघितला, तो निघाला तात्यांच्या व्याह्यांचा. कासारवाडीतला बघितला, तो अण्णांच्या साडूंचा!

तात्यांचा नातू ओंकार आणि माझी लेक पूजा, दोघंही चाकणच्या कंपनीतून जर्मनीला गेलेले, एकाच गावात राहतात. शेवटी पूजाच फोनवर म्हणाली, "पप्पा, इथं आपले पाहुणेरावळे कुणी नाहीत. इथंच करून टाका!"

*

दोघा भावांचं बिनसलं ते सर्जावरून. सर्जा आमचा शर्यतीचा बैल. घाटात, म्हणजे आमच्याकडच्या बैलगाड्याच्या धावपट्टीवर, त्याची बारी आली की लोक जेवण सोडून धावत यायचे. मध्यंतरी शर्यती बंद होत्या, तेव्हा तात्यांनी सर्जा विकून टाकला. अण्णांना न विचारता. त्या दिवसापासून बोलणंचालणं बंद.

खरं सांगू? मला कसला लेखक व्हायचंय? दोघं म्हातारे झाले, कधी काय होईल सांगता येत नाही. त्याआधी एकदा शेजारी बसून चार शब्द बोलावेत, एवढ्यासाठी मी लिहायला बसलो. दोघं यायला तयार झाले, पण अट एकच, "मी त्याच्याशी बोलणार न्हाई."

मग काय, विमानात सुनंदा मागच्या रांगेत निवांत आणि मधली सीट माझी!

"दत्ता, त्याला सांग, पट्टा बांध म्हणावं," तात्या खिडकीकडे बघत म्हणाले.

"दत्ता, त्याला सांग, पट्टा मला बी दिसतोय," अण्णा पॅसेजकडे बघत म्हणाले.

मुंबई ते जर्मनी माझा डोळा लागला असेल तर शपथ!

*

पुस्तकं आधीच पाठवून दिली होती. पॅकिंग आमच्या भगवाननं केलं. भगवान आमचा डिस्पॅचवाला. आयुष्यभर त्यानं गिअरच पॅक केलेत. मी नुसतं म्हणालो, "भगवान, एक्सपोर्टचा माल आहे, नीट कर." झालं!

प्रकाशनाच्या दिवशी सकाळी हॉलवर गेलो तर समोर लाकडी पेटी, वरून पोलादी पट्ट्या आवळलेल्या. वार रविवार. जर्मनीत रविवारी दुकान म्हणून उघडं नाही. दोन तासांवर कार्यक्रम आणि लेखक पेटीवर बसलेला! ओंकार धावत जाऊन शेजारच्या क्लाउस आजोबांना घेऊन आला. ते कारखान्यातून रिटायर झालेले, घरी सगळी हत्यारं. त्यांनी कटरनं पट्ट्या कापल्या. आत एकेक पुस्तक गंज लागू नये म्हणून तेलकट कागदात गुंडाळलेलं! क्लाउस आजोबांनी एक प्रत उचलली, वास घेतला, डोळे मिटले आणि जर्मनमध्ये काहीतरी म्हणाले.

पूजा म्हणाली, "पप्पा, ते म्हणतायत, पुस्तक कसं आहे माहीत नाही, पण पॅकिंग एक नंबर!"

मी तिथूनच भगवानला फोन लावला आणि चांगला झापला. तो शांतपणे म्हणाला, "शेठ, पावसात ठेवा नायतर समुद्रात टाका. पुस्तक गंजलं तर माझं नाव बदला!"

*

मग फेटे. आधी तात्यांना बांधला तर अण्णा रुसणार, आधी अण्णांना बांधला तर थोरल्या पातीचा अपमान. पोरं हुशार. ओंकार अण्णांच्या मागे उभा राहिला, पूजा तात्यांच्या मागे, आणि एक, दोन, तीन म्हणून दोघांनी एकदमच सुरुवात केली.

पूजाचा हात चलाख. तात्यांचा तुरा आधी उभा राहिला. त्यांनी मिशीवरून हात फिरवला.

अण्णा गरजले, "दत्ता, त्याला सांग, हितं काय घाटातली बारी लागलीय व्हय?"

*

आमची वंशावळ मोठ्या फ्लेक्सवर छापून भिंतीला लावली होती. सुनंदा त्याच्यासमोर बराच वेळ उभी. मला वाटलं, चला, बायकोला एकदाचं कौतुक वाटलं.

"ह्यात पोरी कुठायत हो?"

"अगं, वंशावळीत पोरींची नावं नसतात. जुनी पद्धत आहे."

"बरं! मग हा हॉल जिनं बुक केला ती काय आभाळातून पडली?"

तिनं पर्समधून मार्कर काढला आणि सुरू झाली. पूजा लिहिली, माझ्या बहिणी लिहिल्या, तात्यांच्या लेकी लिहिल्या. सगळ्यात शेवटी, तात्या आणि अण्णा दोघांच्याही आधी जागा करून तिनं लिहिलं, "सखूबाई". ही आमची आत्या. चाकणजवळच्या खेड्यात असते. सगळा गाव तिला आक्का म्हणतो.

*

वेळ झाली. क्लाउस आजोबा प्रमुख पाहुणे, कारण कटर त्यांचा! टेबलावर पुस्तक, त्याला लाल फीत. आता फीत ओढायची कुणी? तात्या हात मागे बांधून उभे. अण्णा हात मागे बांधून उभे. मधे मी. पंधरा-वीस मराठी पोरं आलेली, फोटोसाठी मोबाइल वर धरून. मला वाटलं, एवढा समुद्र ओलांडून आलो आणि भोसरी काही सुटली नाही.

पूजानं सरळ आक्काला व्हिडिओ कॉल लावला. आक्का चुलीपुढं बसलेली.

"काय गं, उघडलं का न्हाई बुक?"

"आक्काआजी, थोरल्या पातीचा मान की धाकट्या, यावर अडलंय."

"थोरली पाती?" आक्काचा आवाज सगळ्या हॉलभर घुमला. "आरं, थोरली मी! तुमा दोघांची शेंबडी नाकं पुसलीत मी! धरा एकेक टोक आन वढा!"

दोघांनी मुकाट्यानं एकेक टोक धरलं. ओढलं. पण मागे कोण हटणार? दोघंही शर्यतीच्या घरातले. एवढ्या जोरात ओढलं की सुटायची ती गाठ आणखी आवळून बसली!

क्लाउस आजोबा उठले आणि कटर घेऊन आले.

*

चहाच्या वेळी क्लाउस आजोबांनी पूजाला विचारलं, "तुमच्या ह्या जमिनीत पिकतं काय?" पूजानं ते अण्णांना सांगितलं.

अण्णांनी बशी खाली ठेवली. "त्यास्नी सांग, आदी जवारी पिकायची. मग बोल्ट पिकाय लागलं. आता भाडेकरू पिकत्यात."

पलीकडे तात्या फस्सकन हसले. मग आपण हसलो हे लक्षात आलं, तशी ठसका लागल्यासारखं करून खोकत बसले. अण्णांनी पाण्याचा ग्लास उचलला, माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "दत्ता, त्याला दे."

*

संध्याकाळी घरी जायला ट्रामच्या स्टॉपवर आलो. सुनंदा आणि पोरं हॉल आवरायला मागे थांबलेली. बाकावर आम्ही तिघं. एका टोकाला तात्या, दुसऱ्या टोकाला अण्णा, मधे मी. सबंध दिवस हीच जागा! गाडीत मधे, सोफ्यावर मधे, फोटोतही मधे. माझ्याजवळची पुस्तकाची प्रत बाकावर ठेवून मी तिकिटं काढायला पलीकडच्या मशीनपाशी गेलो. मशीन जर्मन, मी भोसरीचा. बराच वेळ गेला.

परत येतोय तर लांबूनच आरडाओरडा ऐकू आला. म्हटलं, संपलं सगळं. परदेशात लाज गेली. तिकिटं मुठीत धरून धावतच सुटलो.

जवळ गेलो तर बाकावर पुस्तक उघडं. पान सर्जाच्या फोटोचं. त्यात बैलगाडा सुटायच्या बेतात, शेजारी दोघं भाऊ, तरणेबांड, डोक्याला गुलाल.

"डावीकडचा सर्जा!"

"उजवीकडचा! दादा, डोळं तपासून घे तुजं!"

"आरं, मी पाजलंय त्याला दूध! मला शिकवतो व्हय?"

"मग इकलास कशाला?"

"चुकलं माजं! पर सर्जा डावीकडचाच!"

मी तिकिटं खिशात घातली. सवयीप्रमाणे मधे बसायला वाकलो.

अण्णांनी फोटोवरची नजर काढली नाही. हातानंच मला बाजूला सारलं आणि म्हणाले, "हितं जागा न्हाई, दत्ता. तू उभा ऱ्हा."