नंबरकाकांचा चौथा चाकू

नंबरकाकांनी आयुष्यात कशालाही ‘चांगलं’ म्हटलं नाही. ते नंबर द्यायचे. ईदला अम्मीचा शीरखुर्मा चाटूनपुसून खायचे, वाटी खाली ठेवायचे आणि म्हणायचे, “गेल्या ईदच्या खाली हाय, भाभी. दोन नंबर.” अम्मी आत जाऊन भांडी आपटायची. माझ्या लग्नाच्या वेळी पाहुणे बघून गेल्यावर अब्बांनी त्यांना विचारलं, “पाटील, पोरगा कसा वाटला?” काकांनी मिशीवरून बोट फिरवलं. “तिसऱ्या नंबरचा हाय. पण पयले दोन आपल्याकडं आलेच न्हाईत की. द्या पोरगी.” त्या तिसऱ्या नंबरबरोबर मी आजही कागलला नांदते आहे. तक्रार नाही.

काका कसबा बावड्याचे. थोडा ऊस, गोठ्यात म्हशी आणि खिशात कायम चाकू. माझे अब्बा कोल्हापुरात लोहारकाम करायचे. ऊसतोडीचे कोयते, विळे, कात्र्या. पोट कोयत्यावर चालायचं, जीव मात्र घडीच्या चाकूवर. एका मुठीत तीन पाती मिटून बसतात ना, तसला. एक मोठं पातं, एक बारकं, एक टोकदार. गिऱ्हाइकं यायची, हातात घेऊन “वा मिस्त्री, एक नंबर!” म्हणायची. अब्बा हसून मान हलवायचे आणि पुढच्या कोयत्याला घण घालायचे. त्या लोकांचा एक नंबर त्यांना नको होता. त्यांना नंबरकाकांचा हवा होता.

रविवारी सकाळी काका यायचे. जुन्या फेट्याच्या चिंधीत गुंडाळलेले चाकू ऐरणीशेजारच्या फळीवर मांडायचे. एक जर्मन, हरणाच्या शिंगाच्या मुठीचा, गावातल्या एका माजी सुभेदाराकडून घेतलेला. एक इंग्रजी, शेफील्डचा, त्यांच्या वडिलांच्या वेळचा. धार लावून लावून त्याचं मोठं पातं निम्मं झालं होतं. एक लाल स्विस, पुतण्यानं परदेशातून आणलेला. चौथा अब्बांचा. तो दर काही महिन्यांनी बदलायचा, कारण अब्बा नवा करायचे. बाकीचे तिघं तेच.

मग त्या दोघांचं जे काही चालायचं त्याला काय म्हणावं! दोन म्हातारी माणसं कानाशी चाकू धरून पातं मिटल्याचा आवाज ऐकत बसलेली. काका सांगायचे, “जर्मन म्हंजे पैलवान बघा, मिस्त्री. उघडताना नख मोडंल, पण उघडला की हलायचा न्हाय. इंग्रज धार लगीच घेतोय आन् लगीच सोडतोय. आन् ह्यो स्विस. ह्यात कात्री हाय, करवत हाय, दात कोरायची काडी हाय, फकस्त चाकू जरा कमी हाय.” तरी स्विसचा नंबर दुसराच. का, तर त्याची पाती एकमेकांना शिवत नव्हती.

अब्बांचं घोडं तिथंच अडायचं. पोलाद उत्तम, ट्रकच्या स्प्रिंगच्या पाट्याचं, पाणी दिलेलं नेमकं, धार काकांच्याच भाषेत ‘जर्मनच्या तोंडात मारणारी’. पण तीन पाती एका मुठीत मिटली की शेजारचं शेजारच्याला घासायचं आणि बारक्या पात्यावर एक बारीक ओरखडा उमटायचा. काका तो ओरखडा उन्हात धरून दाखवायचे. “तीन जावा एका घरात नांदवायच्या, मिस्त्री. धक्का न लावता. ते जमाय पायजे. सध्या नंबर चार.” चारातला चौथा! मला त्यांचा असा राग यायचा म्हणून सांगू! अब्बा मात्र चाकू घ्यायचे, ओरखड्यावरून अंगठा फिरवायचे आणि म्हणायचे, “व्हय. हाय.”

नंबर द्यायची त्यांची रीत ठरलेली होती. हातात आला आणि दिला, असं कधीच नाही. नवा चाकू आधी खिशात जायचा. पेरू, ऊस, पेंडीच्या पोत्याची सुतळी, गुलाबाची फांदी, म्हशीच्या गळ्यातलं भिजलेलं दावं, सगळं त्यानं कापायचं. महिना गेला की निकाल. अब्बांनी घाई केली तर म्हणायचे, “लग्नाच्या दिवशी नवरी समदीच बरी असती. खिशात नांदू दे, मग सांगतो.” अम्मीसमोर सुद्धा सांगायचे हे. मग त्या दिवशी चहात साखर पडायची नाही.

एकदा काकांची चंद्री नावाची म्हैस मेली. तिचं शिंग घेऊन ते दुकानात आले. डोळे सुजले होते. “हिची मूठ करा,” एवढंच म्हणाले. अब्बांनी त्या शिंगाची मूठ करून जो चाकू बनवला, त्याला महिन्यानं तिसरा नंबर मिळाला. इंग्रज खाली गेला! त्या दिवशी अब्बांनी दुपारीच दुकान बंद केलं, मटण आणलं, गल्लीत सगळ्यांना बोलावलं. अम्मी विचारत होती, कुणाचं लग्न ठरलं? आणि दिवाळी व्हायच्या आत काका परत हजर. पातं हलवून दाखवलं. “खुळखुळा आलाय. चंद्रीचा असला म्हणून काय झालं? चार.”

अम्मी भडकली. “ह्या माणसाला दारात उभं करू नका आता. शत्रू बरा.” अब्बा जेवत होते. शांतपणे म्हणाले, “बाकी समदं गाव चांगलाच म्हणतंय. गावासाठी मी कोयतं करतोय की.”

मग अब्बांचं पोट दुखायला लागलं. गाठ निघाली. डॉक्टरांनी आम्हाला बाहेर बोलावून सांगितलं की आता हातात काही राहिलेलं नाही, घरी न्या. आम्ही अब्बांना सांगितलं, अल्सर आहे, पथ्य पाळायचं. ते बरं म्हणाले. थोरला भाऊ दुबईला, त्यालाही येऊ नको म्हणून कळवलं, कारण तो आला असता तर अब्बांना कळलं असतं. सगळे हसतमुखानं वावरत होतो. मला आठवतं, मला तेव्हा काहीच वाटत नव्हतं. औषधं द्यायची, चादर बदलायची, हसायचं.

आजार बळावण्याआधी अब्बांनी एक चाकू पुरा केला होता. तो उशाशी ठेवलेला असायचा. कुणाला हात लावू देत नव्हते. “पाटील येऊ दे,” म्हणायचे. काका त्या दिवसांत उसाच्या तोडीत अडकले होते. आले तेव्हा अम्मीनं त्यांना दारातच गाठलं. मी शेजारी उभी होते.

“भाऊ, एवढं एकदा पयला म्हणा. हात जोडते.”

काका म्हणाले, “भाभी, त्येला कळंल.”

“काय कळतंय त्यास्नी आता? चार दिवसांचं माणूस हाय. आयुष्यभर चौथा चौथा करून जीव खाल्लासा त्येंचा. जाताना तरी खुशीत जाऊ दे की.”

काकांनी चपला काढल्या. परत घातल्या. परत काढल्या. मला वाटलं, आता हा माणूस निघून जाणार. पण ते आत गेले.

अब्बांनी उशाकडं बोट केलं. काकांनी चाकू उचलला. तिन्ही पाती उघडली, मिटली. कानाशी नेला नाही. उन्हाकडं धरला नाही. घसा खाकरून म्हणाले, “मिस्त्री, जमलं बघा. एक नंबर.”

अम्मीनं माझा हात दाबला. अब्बा हसले नाहीत. काकांच्या तोंडाकडं बघत राहिले.

“खिशात न ठेवताच, पाटील?”

“गरज न्हाय. दिसतंयच की.”

“बरं,” अब्बा म्हणाले. “किती दिवस सांगितल्यात डाक्टरनं?”

काका चाकू हातात घेऊन उभे राहिले. अम्मी पदर तोंडाला लावून बाहेर गेली. अब्बांनीच मग काकांना बसायला सांगितलं. “असू दे. राहू दे. घेऊन जा त्यो चाकू, तुमचाच हाय.” संध्याकाळी त्यांनी मला जवळ बोलावलं आणि म्हणाले, “थोरल्याला बोलवून घे.” अल्सर हा शब्द त्या दिवसानंतर आमच्या घरात कुणी उच्चारला नाही. थोरला आला, भेट झाली, आणि अब्बा गेले.

काकांनी जनाज्याला खांदा दिला, माती दिली, आणि त्यानंतर ते आमच्याकडं आले नाहीत. दुकान थोरल्यानं भाड्यानं दिलं. तिथं आता मोबाईलची कव्हरं मिळतात. अम्मीनं ईदला दोनदा डबा पाठवला. डबा धुऊन परत आला, नंबर आला नाही. अम्मी म्हणाली, “काहीतरी म्हणाले असते तर बरं वाटलं असतं.”

गेल्या थंडीत काकाही गेले. पुतण्याचा फोन आला तेव्हा मी डबे भरत होते. भरून झाले, मुलांना शाळेत पाठवलं, मग बसने बावड्याला गेले. रडू येईल असं वाटलं होतं. आलं नाही. अजूनही आलेलं नाही.

पण त्याआधी, उन्हाळ्यात, एकदा मी त्यांना भेटले होते. गोठ्यासमोर बाजेवर बसून ते बाजारातल्या प्लॅस्टिकच्या मुठीच्या सुरीनं उसाचं कांडं सोलत होते. नेहमीचे चाकू कुठं आहेत, विचारलं. म्हणाले, “दिलं पुतण्याला.” मला राहवलं नाही. मी सरळच विचारलं, “काका, अब्बांच्या शेवटच्या चाकूचा खरा नंबर काय होता?”

“ठावं न्हाय.”

“खिशात ठेवून बघितला नाही?”

“न्हाय.”

“का?”

त्यांनी उसाचं साल खाली टाकलं. “चौथा निघाला असता तर मी खोटं बोललो, एवढंच. एक डाव बोललो, दोस्तासाठी बोललो. त्येचं काय न्हाय. पण पयला निघाला तर, पोरी? ओरखडा नसला तर? त्यानं समदा जल्म ज्याच्यापायी घातला, ते त्येला जमलंतं. आन् माझ्या तोंडनं ऐकून त्यो ते खोटं समजून गेला. मग मी काय करू? कुणाच्या दारात जाऊन सांगू?”

आत म्हैस ओरडली, तशी त्यांनी सुरी बाजेवर ठेवली, बादली उचलली आणि धार काढायला गेले.