दाशझेवेगचं लाडकं शिंगरू

दाशझेवेगनं आपल्या बदामी शिंगराचे जेवढे लाड केले, तेवढे अख्ख्या मंगोलियात कुणी घोड्याचे केले नसतील. वसंतात गोचिडी निघाल्या की तो रोज सकाळी त्याच्या अंगावरून बोटं फिरवून एकेक गोचीड वेचायचा. चुलीत टाकली तर अग्नी विटाळतो, म्हणून दगडानं चिरडायचा.

"स्वतःच्या पोरांच्या डोक्यातल्या उवा कधी काढल्या नाहीत, आणि इथे बघा!" बायको नोरोव म्हणायची.

कळपातली बाकीची शिंगरं गोचिडी अंगावर घेऊन हिंडायची, चार दिवस तापायची आणि पुन्हा उधळायची.

तिसऱ्या वर्षी दाशझेवेगची नजर अधू झाली आणि एक गोचीड निसटली. नादामच्या उत्सवातल्या घोड्यांच्या शर्यतीला आठवडा उरला असताना बदामी तापला, डोळे पिवळे पडले, उभाच राहीना.

"गोचिडीचा ताप," तपासायला आलेले गुरांचे डॉक्टर म्हणाले. "लहानपणी चावली नव्हती का कधी?"

"एकसुद्धा नाही!" दाशझेवेगची छाती फुगली.

"तिथंच चुकलं. बाकीच्यांचं रक्त लहानपणीच या जंतूंशी झुंजायला शिकलं. याला तुम्ही शिकूच दिलं नाही. वाचेल, पण यंदा धावणार नाही."

नोरोवनं दारातूनच सुस्कारा सोडला, "पोरांकडे लक्ष दिलं नाहीत, उपकार झाले तुमचे."