सिस्टरांची वॉरंटी

सही करण्याआधी सिस्टर कागदाची मागची बाजूही वाचत. समोर साहेब खोळंबलेला असो की कुरिअरवाला, त्या चष्मा लावणार, शेवटच्या ओळीपर्यंत जाणार आणि मगच पेन मागणार. सोनपेठजवळच्या उपकेंद्रात त्या नर्स होत्या. लहानथोर सगळे त्यांना सिस्टरच म्हणत. त्यांच्या घराण्यातली पहिली नवी कार त्यांनी घेतली, तीही स्वतः चालवायला.

मी गॅरेजवाला. सोनपेठला दोन गाळे आहेत, भिंतीवर आयटीआयचं प्रमाणपत्र आहे. पहिल्या तीन सर्व्हिसिंग सिस्टरांनी परभणीच्या शोरूममध्येच केल्या. चौथीच्या वेळी लसीकरणाची मोहीम चालू होती, परभणीत दिवस घालवायला सवड नव्हती, म्हणून गाडी माझ्याकडे आली. ऑइल आणि फिल्टर कंपनीचंच आणलं. सिस्टर शेजारी उभ्या होत्या. म्हणाल्या, बिलावर डब्याचा बॅच नंबर लिहा. असं मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं.

"लसीच्या कुपीचा नंबर लिहिल्याबिगर आमी सुई टोचत न्हाई, मेस्त्री. गाडी काय वेगळी हाय का?"

मी लिहिला.

दोन महिन्यांनी मानवतच्या रस्त्यावर एका वळणाला स्टेअरिंग दगडासारखं जड झालं. गाडी कपाशीत जाता जाता राहिली. ती ओढून शोरूमला नेली, तेव्हा पॉवर स्टेअरिंगची मोटार गेल्याचं निघालं. पण तिथल्या मॅनेजरनं वॉरंटी नाकारली. सर्व्हिसिंग बाहेर केली, आता आमची जबाबदारी नाही, असं तो म्हणाला. सिस्टरांनी विचारलं, ऑइल तर इंजिनात घातलं, मग स्टेअरिंग कशानं बिघडलं? तो म्हणाला, नियम आहे. त्यांनी पर्समधून वॉरंटीचं पुस्तक काढून त्याला नियम वाचून दाखवला: बाहेरच्या कामामुळे जे बिघडेल, तेवढंच वगळलेलं होतं. मग म्हणाल्या, नाकारताय ना, तसं लिहून द्या. ते मात्र तो देईना.

आठवड्यानं त्याचा मला फोन आला. स्टेअरिंगच्या वायरिंगला तुमचा हात लागला होता, एवढं लिहून द्या, म्हणजे माझा नकार चुकीचा ठरणार नाही. तो कागद कंपनीला दाखवून खास बाब म्हणून बाईंची गाडी फुकटात करून देतो. मी विचारात पडलो. सिस्टर एसटीनं, ऑटोनं गावोगाव फिरत होत्या. शेवटी मी तसं लिहिलं आणि कागद घेऊन त्यांच्या घरी गेलो.

त्यांनी तो सावकाश वाचला.

"वायरिंगला हात लावला होता तुमी?"

"नाही."

"मग खोटं कशाला लिहायलाव?"

मी म्हणालो, तुमची गाडी तरी नीट होईल. त्यांनी कागदाचे चार तुकडे केले. इतकं रागावलेलं मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं, आवाज मात्र चढला नाही.

"माझी गाडी उभी हाय तर राहू द्या. उद्या सोनपेठात तुमच्याकडं गाडी कोण आणील?"

मग त्यांनी कंपनीला रजिस्टर पत्र धाडलं आणि परभणीच्या ग्राहक आयोगात तक्रार केली. वकील लावला नाही. प्रत्येक तारखेला रजा टाकून एसटीनं जायच्या. एकदा मीही गेलो. काय केलं आणि काय केलं नाही, ते सगळं सांगितलं. बॅच नंबरचं बिल कंपनीच्या माणसानं उतरवून घेतलं. पुढे कंपनीनं आपला इंजिनिअर पाठवला. त्यानं आमच्यासमोर मोटार उघडली. आत पाणी गेलं होतं. सील मुळातच नीट बसलेलं नव्हतं. मोटार बदलून देण्याचं कबूल झालं.

गाडी घ्यायला आम्ही दोघं गेलो. मॅनेजरनं किल्ली आणि कागद पुढे केला. कागदावर लिहिलं होतं, 'सौजन्य म्हणून मोटार बदलली.' सिस्टरांनी किल्ली टेबलावर परत ठेवली.

"सौजन्य पाहुण्यारावळ्यांना दाखवा, साहेब. हे वॉरंटीत केलंय, तसं लिहा. आणि ह्यांच्या कामाचा बिघाडाशी संबंध न्हाई, हेबी लिहा."

तो म्हणाला, मॅडम, काम झालं ना, एका शब्दानं काय होतं? त्या खुर्चीत बसल्या. दोन तास बसल्या. लोक येऊन बघून जात होते, मलाच संकोच वाटायला लागला. अखेर दुसरा कागद छापून आला. तो वाचून त्यांनी तक्रार मागे घेतली आणि माझ्यासाठी एक झेरॉक्सही काढून घेतली.

निवृत्तीनंतर सिस्टर परभणीला मुलीकडे राहायला गेल्या. योगायोग असा की ते शोरूम घरापासून चार पावलांवर होतं, आणि त्यांना पाहिलं की मॅनेजर आता उठून उभा राहायचा. तरी दर सहा महिन्यांनी त्याच्या दारावरून गाडी काढून, पन्नास-साठ किलोमीटर चालवत त्या माझ्याकडे यायच्या. मी म्हणायचो, एवढी दगदग कशाला? त्या म्हणायच्या, "मला परवडते."

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी आली, तेव्हा मी हात पुसत पुढे गेलो. स्टेअरिंगवर त्यांची मुलगी होती. शेजारची सीट रिकामी होती. मुलगी खाली उतरली आणि म्हणाली, "काका, सर्व्हिसिंगची तारीख उलटून गेली. पण दुसरीकडं नेऊ नको म्हणून आई सांगून गेलीय."