पितळी चाकातले स्क्रू

ज्यांच्यावर अन्याय झाला ते आमच्या मोहल्ल्यातले काकाजी, पितळेचे कारागीर. कधी झाला तेही आधीच सांगते, नाहीतर लोक म्हणतात तुमच्या लिहिण्यात नुसता आवाज असतो, माहिती नसते. मागच्या तान्ह्या पोळ्याला, दुपारी, सत्कार आटोपला होता आणि चहा यायचा होता तेव्हा. एका हातानं त्यांना शाल दिली आणि दुसऱ्या हातानं त्यांचं मासे धरायचं चाक काढून घेतलं. मी त्या हॉलमध्येच होते. लोक टाळ्या वाजवत होते.

काकाजींकडं कोणी नवा माणूस आला की ते आधी चहापाणी विचारत नसत. बाजेखालून फडक्यात गुंडाळलेलं चाक काढत, डाव्या हातात धरत, उजव्या बोटानं त्याला एकच टिचकी देत आणि म्हणत, "आता चूप." चाक फिरत राही. घरघर नाही, कुरकुर नाही. पाहुणा चाकाकडं पाही, मग काकाजींकडं, मग दाराकडं. चाक थांबलं की काकाजी भुवया उडवत. "बोल. कंपनीचं फिरते का असं?"

पाहुणा बहुतेक वेळा वीजबिल वाटणारा असे. तो "नाही फिरत" म्हणून सुटका करून घेई.

ज्यांनी नदीवर गरी, म्हणजे मासे धरायचा गळ, टाकलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगते. आजकाल दुकानात मिळते ती रीळ म्हणजे दातेरी चाकांचा डबा असतो. मूठ फिरवा, दोरी आत. काकाजींचं चाक तसं नव्हतं. ताटलीएवढं पितळी चाक, मधोमध पोलादाची एक पिन आणि धरायला दोन बोंडं, एवढाच कारभार. ते बांबूच्या काठीला बुडाशी बांधायचं. दोरी वाहत्या पाण्याबरोबर आपोआप सुटत जाते, मोरपिसाच्या दांड्याचा तरंगा धारेतून पुढं पुढं चालत राहतो. ब्रेक म्हणून काही नसतो. ब्रेक म्हणजे चाकाच्या कडेवर ठेवलेला आपला अंगठा.

हे चाक त्यांनी स्वतः घडवलं होतं. कारखान्यात एक फुटका गुंड, पाण्याचा मोठा पितळी हंडा, भंगारात निघाला, त्याच्या जाड बुडातून त्यांनी ते खरादावर, लेथवर, उतरवून काढलं. मालक ओरडला. काकाजी त्याला म्हणाले, "पाणी भराचा गुंड होता, आता पाण्यातच जाईन. तुमचं काय गेलं?" ही गोष्ट मी त्यांच्या तोंडून पुष्कळदा ऐकली. दर वेळी मालक थोडा जास्त ओरडायचा.

काकाजी नम्र वगैरे नव्हते. मासा सुटला तर तो मोठा होता, आणि धरला तर तो त्याहून मोठा होता. नागपूरची पोरं चकचकीत रिळी घेऊन पुलाखाली यायची तेव्हा ते मोठ्यानं म्हणायचे, "आले चक्कीवाले. ज्वारी आणली का गहू?" पोरं हसायची. एकानं उलट विचारलं, "काकाजी, तुमच्या चाकावर पापड लाटता येते का?" काकाजींनी त्याला दिवसभर आपल्या खडकावर पाय ठेवू दिला नाही.

खडक त्यांचा नव्हता, हेही लिहिलं पाहिजे. तो घाट ढिवरांचा. त्यांचे डोंगे तिथं लागतात, जाळी तिथं वाळतात. धरणाचं पाणी मागं सरकून आल्यापासून वैनगंगा बाकी सगळीकडं उभी राहिल्यासारखी दिसते. त्या काळ्या खडकापुढं मात्र धार अजून धावते. ढिवरांमधला एक डोंगेवाला काकाजींचा जुना दोस्त. सकाळची धार तो त्यांच्यासाठी जाळ्यांपासून मोकळी ठेवायचा. बदल्यात त्याच्या घरचं कुठलंही भांडं गळलं की काकाजी ते झाळून द्यायचे. या व्यवहाराला कोणी व्यवहार म्हणत नव्हतं. डोंगेवाला म्हणायचा, "बसू द्या बुढ्याले. मासा कमी धरते, गोष्टी जास्त सांगते."

मला त्यांनी एकदा चाक हातात दिलं. मी तेव्हा वाळूच्या उपशावर पत्रकं वाटत घाटावर फिरत होते. तरंगा बुडाला तशी मी काठी ओढली आणि अंगठा उचलला. चाक सुसाट फिरलं, दोरी सैल पडून त्यावर गुंत्याचा मोठा गोळा झाला. काकाजी गुंता सोडवत बसले आणि मला सुनावत राहिले.

"काहून उचलला वं अंगठा?"

"घाबरले."

"घाबरली नाई तू. तुले घाई झाली. मासा म्हणते जातो, तं त्याले जाऊ द्याचं. पण अंगठ्यानं सांगत राहाचं, का बाबा मी हाये. ढील देणं म्हणजे सोडून देणं नाई." मग माझ्या पत्रकांच्या गठ्ठ्याकडं पाहून, "तुह्या भांडणाचं बी असंच होत असन. एकदम ओढते आणि मंग गुंता."

मी रागावले. अजूनही त्यांचं म्हणणं मला अर्धंच पटतं. काही ठिकाणी ओढावंच लागतं.

तर सत्कार. शहरात एक समिती आहे. तिचं नाव दर दोन-तीन वर्षांनी बदलतं, खुर्चीवरची माणसं तीच असतात. या वेळी त्यांना नदीची आठवण झाली होती. 'पारंपरिक मासेमारीचा गौरव' म्हणून काकाजींना बोलावणं आलं. काकाजींनी केसांना तेल लावलं, लग्नातली टोपी शोधली, फडक्यातलं चाक काखेत घेतलं, आरशापुढून हलेनात. काकू म्हणाल्या, "नवरदेव, चला, वरात खोळंबली." ते खूश होते. स्तुतीची त्यांना भूक होती, आणि आम्ही मोहल्ल्यातल्यांनी ती कधी पोटभर दिली नव्हती.

बाहेर तान्ह्या पोळ्याचे पोरांचे लाकडी बैल चालले होते, आत अध्यक्षांचं भाषण. शाल पांघरली, नारळ दिला, काकाजींनी दोन्ही हात जोडले. फोटो निघाला. मग अध्यक्ष त्यांच्या कानाशी वाकले, "काकाजी, हे चाक आठ दिवस आमच्याकडं राहू द्या. लोकांना पाहायला मिळेल." काकाजींनी लगेच दिलं. वर सांगितलं, "मशीनचं तेल टाकजा. गोडेतेल नाई."

आठ दिवस गेले, महिना गेला. मग एका सकाळी घाटावर मोठा फ्लेक्स लागला. त्यावर शाल पांघरलेले, हात जोडलेले काकाजी. वर लिहिलं होतं, 'नौकाविहार प्रकल्पाला ज्येष्ठ मच्छीमारांचा पाठिंबा.' खाली लाल अक्षरात, 'येथे डोंगे लावण्यास, जाळे व गरी टाकण्यास मनाई.'

त्या माणसानं कुठल्या कागदावर सही केली नव्हती, कुठं 'हो' म्हटलं नव्हतं. तो मच्छीमारही नव्हता. तो भांडी घडवणारा, दुसऱ्यांच्या खडकावर पाहुणा म्हणून बसणारा माणूस. ज्यांचा घाट, त्यांना कोणी विचारलंच नाही. त्यांच्या वतीनं पाहुण्याचे जोडलेले हात छापून टाकले.

डोंगेवाला फ्लेक्सखाली उभा होता. काकाजी काठी घेऊन आले तसा तो म्हणाला, "का जी, शालीत गुंडाळून देला का घाट?"

"मले माहीत नोहतं रे."

"फोटोत तं हासून राहिला तू."

काकाजींनी वर फ्लेक्सकडं पाहिलं. ते खरोखरच हसत होते. डोंगेवाला वळून डोंग्याकडं गेला. त्यानंतर त्याच्या घरचं एकही भांडं झाळायला आलं नाही.

चाक मागायला काकाजी गेले तेव्हा मी सोबत होते. घाटावरच्या हॉलमध्ये आता बोटीच्या तिकिटांची खिडकी आहे. तिच्याशेजारी काचेची पेटी, तिच्यात लाकडी फळी, फळीवर काकाजींचं चाक. कडेजवळ आरपार तीन स्क्रू मारून बसवलेलं. काकाजींनी काचेवर बोट ठेवलं आणि अगदी हळू विचारलं, "हे काहून केलं?"

खिडकीतला पोरगा भला होता. तो म्हणाला, "हलत होतं नं काकाजी. येणारे-जाणारे फिरवून पाहात. म्हणून फिक्स करून टाकलं."

वापस द्या म्हटलं तर म्हणाला, साहेबांना विचारा. साहेब म्हणाले, समितीला विचारा. अध्यक्ष मला म्हणाले, "मॅडम, ते आता जिल्ह्याचं वैभव आहे." जिल्ह्याच्या वैभवाला त्यांनी ड्रिल मशीननं भोकं पाडली होती.

मी काकाजींना म्हटलं, तुम्ही एक अर्ज द्या, आपण खिडकीसमोर बसू, फ्लेक्स उतरवायला लावू. ते मान हलवत राहिले.

"मी शाल घेतली नं वं. ज्याची शाल घेतली त्याच्या दारात बोंब माराची नसते."

"मग शाल परत करा."

"वापरलेली शाल कोणी वापस करते का? तुह्या काकूनं ते कूलरवर झाकली."

मी हसले. ते हसले नाहीत. त्यांना हा नियम खरोखर लागू वाटत होता, आणि समितीला तो बरोबर माहीत होता. आपल्याकडं माणसाचं तोंड बंद करायला धमकी लागत नाही, एक शाल पुरते.

मी पत्रक काढलं. फ्लेक्स खोटा आहे, काकाजींनी पाठिंबा दिलेला नाही, घाट ज्यांचा आहे त्यांना विचारा, असं सरळ लिहिलं आणि सगळ्यांना हॉलवर जमायला बोलावलं. तुमच्यापैकी कितीतरी जणांनी त्याचा फोटो काढून पुढं पाठवला. खाली हात जोडल्याच्या खुणा टाकल्या. हॉलवर मात्र कोणी आलं नाही. एकटा डोंगेवाला आला, तोही लांब उभा राहिला. काकाजींच्या बाजूनं उभं राहणं त्याला अजून जमत नव्हतं, आणि मी त्याला दोष देणार नाही. फसवणाऱ्यांनी दोघांचाही हिशेब व्यवस्थित केला होता: एकाचा घाट घेतला आणि दुसऱ्याच्या तोंडानं घेतला.

हिवाळ्यात काकाजी आणि काकू तुमसरला लेकीकडं राहायला गेले. मोहल्ल्यात सांगितलं, हवापालट. त्यांच्या घराला कुलूप आहे. मागच्या पंधरवड्यात मी भेटून आले. राइस मिलच्या मागच्या गल्लीत घर, सगळीकडं कोंड्याची धूळ. जावयानं त्यांच्यासाठी नागपूरहून नवी रीळ आणली आहे, ती डब्यातून निघालेली नाही. नदीवर जाता का, विचारलं तर म्हणाले, "कोणत्या तोंडानं जाऊ?" घाटाबद्दल, समितीबद्दल ते एक अक्षर बोलले नाहीत. डोंगेवाला कसा आहे, एवढं मात्र दोनदा विचारलं.

निघताना मी म्हटलं, चाक परत मिळालं तर? तीन भोकं पडली आहेत त्याला.

ते म्हणाले, "भोकाचं काय, झाळून घेईन. पिन वाकली नसन तं फिरन."

म्हणजे त्यांना ते हवं आहे. ते मागणार नाहीत, कारण त्यांनी शाल घेतली आहे. तुम्ही घेतलेली नाही, मीही नाही. त्यामुळं मागायचं काम आपल्याकडं येतं.

तुम्ही भंडाऱ्यात राहता. रविवारी पोरांना घेऊन त्या घाटावर जाता, बोटीत बसता, त्या काचेपुढं उभं राहून सेल्फी काढता. या रविवारी बोटीत बसू नका. फ्लेक्सवरचा तो चेहरा पोरांना दाखवा आणि याला कोणी विचारलं नव्हतं, असं सांगा. मग तिकिटाच्या खिडकीशी रांग लावा. तिकीट मागू नका, चाक मागा. साहेबांना विचारतो म्हणाले तर विचारू द्या, थांबा. समितीला विचारतो म्हणाले तरी थांबा. तिन्ही स्क्रू तुमच्या डोळ्यांसमोर निघेपर्यंत रांग सोडू नका.